कामगार वस्तीत उमेदवाराला तोंडावर 'हो' मिळतं, मग मत कुठे जातं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब वर्ग नगरपरिषदेचं गाव. प्रभागात साधारण 3,200 मतदार, त्यातले निम्म्याहून जास्त यंत्रमाग कामगार, बिडी वळणाऱ्या बायका, मार्केट यार्डातले हमाल आणि पालिकेचे ठेक्यावरचे सफाई कामगार. विचारणारे स्वतः पदवीधर, घरचं औषधांचं दुकान. डिसेंबर 2025 च्या निवडणुकीत सगळा प्रभाग दोनदा पायाखाली घातला, लोकांनी चहा पाजला, ओवाळलं, 'तुम्हालाच' म्हणाले, आणि निकालात ते तिसऱ्या नंबरवर गेले. आता विचारतात, 'या लोकांशी नातं कसं जुळवायचं? त्यांच्याशी बोलायचं कसं?'

बोलण्यात फार काही बिघडलेलं असेल असं मला वाटत नाही. दारात आलेल्या माणसाला 'नाही' म्हणायची आपल्याकडे रीत नाही, आणि ज्याचं पोट रोजच्या कामावर आहे तो कुणाशीच उगाच वाकडं घेत नाही. त्यामुळे 'तुम्हालाच' हा शब्द चारही उमेदवारांना मिळालेला असतो. मतदार मनात वेगळाच हिशेब करत असतो: उद्या रेशनला अंगठा लागला नाही, गटार तुंबलं, पोराला पोलिसांनी चौकीत बसवलं, तर हा माणूस मला कुठे आणि किती वाजता सापडेल? ज्याच्याबद्दल याचं उत्तर माहीत असतं, त्याच्याकडे मत जातं. तो माणूस फार सज्जन असतोच असं नाही. तो सापडतो, एवढं पुरतं.

आधी काही गोष्टी बाजूला काढतो, कारण त्या तुमच्या हातात नाहीत. जागेचं आरक्षण, पक्षाची हवा, नगराध्यक्षपदाचा उमेदवार कोण, प्रभागातल्या दुसऱ्या जागेवर तुमच्यासोबत कोण उभं आहे, जातीची आणि भावकीची गणितं. पक्षाची लाट उलटी असेल तर पुढचं सगळं करूनही माणूस पडतो. पण नगरपरिषदेच्या प्रभागात निकाल बऱ्याचदा शंभर-दोनशे मतांवर लागतो, आणि तेवढी मतं याच कामातून इकडची तिकडे होतात.

सुरुवात वेळेपासून करा. 2025 ला चिन्हवाटप 26 नोव्हेंबरला झालं आणि मतदान 2 डिसेंबरला ठरलं होतं, म्हणजे मध्ये आठवडासुद्धा नाही. 3,200 मतदार म्हणजे साडेसातशे-आठशे घरं. संध्याकाळी साडेसहा ते नऊ एवढाच वेळ उपयोगाचा. एका घरी सहा-सात मिनिटं धरली तर एका संध्याकाळी बावीस-तेवीस घरं होतात. म्हणजे नीट एक फेरी करायला पाच आठवडे लागतात. दोन फेऱ्या पंधरा दिवसांत केल्या असतील तर त्या दारावरून हात जोडत गेलेल्या फेऱ्या होत्या, भेटी नव्हत्या. त्यातही संध्याकाळी अर्धे कामगार घरी नसतात.

यंत्रमागावर बहुतेक ठिकाणी बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात आणि आठवड्याला पाळी बदलते. या आठवड्यात संध्याकाळी घरी भेटलेला माणूस पुढच्या आठवड्यात त्याच वेळी मागावर असतो. म्हणून एकाच गल्लीत दोन वेगवेगळ्या आठवड्यांत जायचं. एकाच आठवड्यात दोनदा गेलात तर तीच माणसं पुन्हा भेटतात आणि उरलेली राहूनच जातात. रात्रपाळीवाल्याच्या घरी सकाळी दहाला कडी वाजवणं हा तर गुन्हाच. तो नुकताच झोपलेला असतो आणि तुमचं नाव त्याला त्या कारणासाठी लक्षात राहतं. गाठायचंच तर कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर, पाळी सुटताना. पाळी धरताना थांबवू नका, मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर असते आणि उशिरा गेलं की माग दुसऱ्याच्या हातात जातो.

बिडीवाल्या बायका सकाळी तयार माल कारखान्यात द्यायला जातात. तिथे बिड्या मोजल्या जातात, खराब म्हणून काही बाजूला काढतात, त्याला छाट म्हणतात, आणि छाटीचे पैसे मिळत नाहीत. त्या रांगेत उमेदवाराने हात जोडत फिरू नये. बाईचं सगळं लक्ष मोजणाऱ्याच्या हाताकडे असतं. दुपारी दोन ते चार या वेळात त्याच बायका ओट्यावर घोळक्याने सूप मांडीवर घेऊन बसलेल्या असतात. हात चालू असतात, तोंड मोकळं असतं. तिथे बसायला मिळालं तर दहा दारांचं काम एका ओट्यावर होतं, आणि बोलणंही खरं होतं, कारण एक बोलली की दुसरी दुरुस्ती करते. कारखान्याने दिलेलं बिडीचं पान कमी भरलं की स्वतःच्या पैशाने बाजारातून घ्यावं लागतं, हे तुम्हाला आधी माहीत असेल तर संभाषण वेगळ्या जागेवरून सुरू होतं.

सफाई कामगार पहाटे हजेरीच्या ठिकाणी जमतात, हमालांना लिलाव आटोपून गाड्या भरून झाल्यावर उसंत मिळते. बांधकामाच्या मजूर अड्ड्यावर मात्र सकाळी आठ-नऊला प्रचार नको. त्या तासाभरात दिवसाच्या मजुरीचा सौदा होतो. तुमच्या घोळक्यामुळे एकाचा जरी रोज बुडाला तरी त्या अड्ड्यावर तुमची तीच ओळख होते.

आता काय विचारायचं ते. 'काही अडचण आहे का?' या प्रश्नाला 'नाही, सगळं चांगलंय' एवढंच उत्तर मिळतं. प्रश्न इतका नेमका हवा की उत्तर देणाऱ्याला कळावं, याला इथलं माहीत आहे. 'पाणी कितव्या दिवशी येतं?' हे गावातल्या कुणालाही विचारता येतं. 'पाणी येतं तेव्हा घरात भरायला कोण असतं?' असं विचारा. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात वॉलमन रात्री अकराला व्हॉल्व्ह उघडतो की सकाळी नऊला, यावर नवरा-बायकोपैकी कुणाची पाळी बुडते ते ठरतं. पाण्याचं वेळापत्रक ठरावीक करून आदल्या दिवशी गल्लीत कळवणं हे नव्या टाकीपेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे, आणि नगरसेवक ते खरंच करून घेऊ शकतो. माझ्या मते छोट्या गावातल्या प्रचारात यापेक्षा चांगला मुद्दा क्वचित सापडतो, आणि उमेदवार तो सोडून उद्यानाच्या सुशोभीकरणावर बोलत बसतात.

प्रत्येक भेटीनंतर वहीत लिहायचं, मोबाइलमध्ये नको. समोर मोबाइल काढला की लोकांना वाटतं रेकॉर्डिंग चाललंय. रकाने साधे: गल्ली, घराची खूण, कोण भेटलं, पाळी कोणती, अडलेलं काम काय, ते कुठल्या कार्यालयाचं, पुढची तारीख. नोंद अशी दिसली पाहिजे: 'तिसरी गल्ली, गिरणीमागचं पत्र्याचं घर. सासू भेटली. निराधारचे पैसे तीन महिने नाहीत, हयातीचा दाखला दिलेला नाही. तहसील. बुधवारी.' 'प्रतिसाद चांगला' असं लिहिलेली वही कचऱ्यात टाका.

कुठलं काम कुणाचं हे तोंडपाठ हवं, कारण कामगार वस्तीत खोटं आश्वासन फार लवकर ओळखलं जातं. पाणी, गटार, दिवाबत्ती, सार्वजनिक संडास, घरपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले ही पालिकेची कामं. रेशनकार्ड, संजय गांधी निराधार, उत्पन्नाचा दाखला ही तहसीलची. मजुरी आणि बोनस कामगार आयुक्तालयाकडचं. वीजबिल महावितरणचं. मजुरीवाढ मिळवून देतो असं नगरसेवकपदाच्या उमेदवाराने बोलूच नये. ठेक्यावरच्या सफाई कामगाराचा पीएफ ठेकेदार भरतो की नुसताच कापून घेतो, हा प्रश्न मात्र सभागृहात विचारता येतो, कारण ठेका पालिकेचा आहे. या वस्तीत पगाराची पावती मागण्याची सोय कुणी करून दिली तर ती आठवडाभरात सगळ्या हजेरी शेडवर पोचते.

तुमच्याकडे वेळ आहे, म्हणून महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी कागदपत्रांचं काम सुरू करा. शिबिर हा शब्द नको, मंडप नको, फ्लेक्स तर नकोच. एक टेबल, दोन खुर्च्या, फॉर्म भरता येणारी एक मुलगी, पाळी सुटण्याची वेळ. काय अडतं ते सांगतो. रेशनच्या ई-केवायसीत, म्हणजे अंगठा लावून होणाऱ्या ओळख पडताळणीत, बिडीवाल्या आणि धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या बोटांच्या रेषा झिजल्यामुळे ठसा उमटत नाही. अशांचं आधारमधलं बायोमेट्रिक आधी अद्ययावत करून आणावं लागतं, नाहीतर दुकानदार दर महिन्याला परत पाठवतो. शहरी भागात प्राधान्य कुटुंबाच्या रेशनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000 रुपये, निराधारसाठी 21,000, लाडक्या बहिणीसाठी अडीच लाख. घरातल्या तिघांनी तीन अर्जांत तीन वेगळी उत्पन्नं लिहिली की पडताळणीत कधीतरी ते पुढे येतं. बांधकाम कामगार नोंदणीला वय 18 ते 60 आणि वर्षभरात 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. नोंदणीची फी एक रुपया, तरी एजंट त्याचे पाहिजे तेवढे पैसे घेतात. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, ते बहुतेकांचं चुकलेलं असतं.

इथे एक सांगून ठेवतो. नोंदणी झालेल्याला भांड्यांचा संच मिळतो म्हणून मागावरच्या माणसाला बांधकाम कामगार दाखवून नोंदणी करून देणारे उमेदवार गावोगाव आहेत. त्यात पडू नका. चौकशी लागली की नाव त्या कामगाराचं येतं, आणि खरा गवंडी तुमच्याकडे बघून मान फिरवतो.

टेबलावर चार नियम कडक पाळा. मूळ कागद ठेवून घ्यायचा नाही. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते लिहून घ्यायचं. 'करून देतो' म्हणायचं नाही; 'अर्ज भरून देतो, मंजुरी तहसीलदारांची, पोच पावती ही घ्या' म्हणायचं. आणि नाकारला गेलेला अर्ज स्वतः घरी जाऊन सांगायचा. हे शेवटचं कुणीच करत नाही. काम झालं की फोटो काढायला सगळे येतात. काम झालं नाही हे सांगायला जो दारात येतो, त्याच्यावर विश्वास बसतो.

काम केलं की मत मिळतंच, असा मात्र समज करून घेऊ नका. सोलापूरचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. कामगार नेते नरसय्या आडम 1978, 1995 आणि 2004 ला आमदार झाले, बिडी आणि असंघटित कामगारांच्या घरकुलांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला, आणि जानेवारी 2024 मध्ये रे नगर या कामगार वसाहतीच्या 15,000 घरांचं वाटप पंतप्रधानांच्या हस्ते झालं. त्याच वर्षीच्या विधानसभेला ते हरले, 2009 पासून सलग चौथ्यांदा. त्याची राजकीय कारणं पुष्कळ आहेत. पण प्रचार करणाऱ्याने त्यातली एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी: ती घरं कुंभारीला, शहराच्या हद्दीबाहेर आहेत. ज्याचं काम केलं त्याचं नाव कुठल्या यादीत आहे, हे आधी बघायचं असतं.

त्यावरून मतदार यादी. पालिका निवडणुकीसाठी राज्य निवडणूक आयोग स्वतंत्र यादी करत नाही. विधानसभेची यादी ठरलेल्या तारखेला घेऊन प्रभागांत फोडली जाते. त्यामुळे नवीन नाव घालायचं असेल तर फॉर्म 6, पत्ता बदलायचा असेल तर फॉर्म 8, आणि दोन्ही त्या तारखेच्या आधी. प्रारूप यादीवरच्या हरकतीत नवी नावं घालता येत नाहीत. चुकून दुसऱ्या प्रभागात गेलेलं नाव मात्र परत आणता येतं. भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्या कामगारांत हे फार होतं: नवरा एका प्रभागात, बायको दुसऱ्या, मुलगा अजून गावाकडच्या यादीत. हरकतीसाठी मिळणारे दिवस थोडे असतात. तुमच्या वहीत घरटी नावं असतील तर तेवढ्यात काम होतं, नसतील तर नाही.

मधल्या माणसांबद्दल सांभाळून. मुकादम, बचत गटाची अध्यक्ष, टपरीवाला, मंडळाची पोरं, पंच, या सगळ्यांना भेटावं, मान द्यावा. पण 'माझ्याकडे दोनशे मतांचा गठ्ठा आहे' म्हणणाऱ्याला शांतपणे यादी पुढे करा आणि 'नावांवर खुणा करून द्या' म्हणा. साठ-सत्तरच्या पुढे सहसा कुणी जात नाही, आणि त्यातली निम्मी नावं दुसऱ्याच्याही गठ्ठ्यात असतात. शिवाय घरातला पुरुष सांगेल तिकडे बाई मत देते हा हिशेब आता चुकतो. तिच्या भेटी वेगळ्या झाल्या पाहिजेत, आणि त्या घ्यायला तुमच्या घरातली किंवा गटातली बाई हवी.

मागमालकांचं काय? तुम्ही व्यापारी घरातले, ते तुमच्या ओळखीचे असणारच. मालकाच्या सोबतीने कारखान्यात फेरी मारू नका. कामगार माग थांबवून हात जोडेल, दिवाणजीच्या समोर मान डोलवेल, आणि हा मालकाचा माणूस एवढं पक्कं करून ठेवेल. ज्याच्यावर उचल चढलेली आहे तो मालकासमोर वेगळं काय बोलणार? मालकाकडून एकच गोष्ट मागा, ती पुढे येते.

कपडे, भाषा, वागणं यावर जास्त लिहीत नाही. नेहमी घालता तेच घाला. झोपडीत जमिनीवर बसून जेवतानाचा फोटो टाकलात तर पहिल्यांदा हसेल ती तीच वस्ती. मावशी, काकू, मामा, दादा, मुस्लिम वस्तीत चाचा, खाला, जे सहज तोंडात येतं ते. तेलुगू बोलणाऱ्या घरांत त्यांच्यातलाच एक कार्यकर्ता सोबत असू द्या, नमस्कारापुरतं तेलुगू पाठ करून जाऊ नका. तुमचं औषधाचं दुकान ही अडचण समजू नका. रात्री साडेदहाला शटर अर्धं उघडं असतं आणि तिथे तुम्ही असता, हे सांगण्यासारखं आहे. व्हॉट्सॲपवर सुप्रभात आणि जयंत्या बंद करा; उद्या कुठल्या गल्लीत किती वाजता पाणी, रेशनचा माल आला की नाही, एवढंच टाका, आणि तेही वीस-तीस सेकंदांच्या आवाजी निरोपात. मागाच्या खडखडाटातून बाहेर आलेला माणूस चार ओळी वाचत नाही.

पैशाबद्दल कुणी विचारलं नाही, पण मनात असतंच. आदल्या रात्रीची पाकिटं ही निवडणुकीतली लाच आहे, भारतीय न्याय संहितेत त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. व्यवहार म्हणून बघितलं तरी तीन उमेदवार वाटतात तेव्हा तिघांचंही घेतलं जातं आणि मत आधी ठरलेलं असतं तिथेच पडतं. वाटणाऱ्यासमोर टिकता येतं. त्यासाठी ती रात्र येण्याच्या आधीच लोकांनी तुमच्याबद्दल काहीतरी ठरवलेलं असावं लागतं.

मतदानाचा दिवस. वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. दिवसपाळीचा कामगार सात-आठला आत जातो आणि मतदान संपल्यावर बाहेर येतो. सुट्टी कागदावर असली तरी मीटरवर मजुरी घेणारा बिनपगारी सुट्टी घेत नाही. मालकांकडून मागायची ती हीच गोष्ट: मतदानासाठी कामगारांना तुकड्या-तुकड्यांनी सोडा, तेवढ्यापुरता बदली माणूस मागावर उभा करा, कुणाला मत द्यायचं यावर एक शब्द बोलू नका. हे आठवडाभर आधी ठरवावं लागतं. रात्रपाळीवाल्यांना सुटल्या सुटल्या, झोपायच्या आधी आणायचं. घरी जाऊन पाठ टेकली की तो दुपारी चारपर्यंत उठत नाही.

आणि यंत्र समजावून सांगा. दोन जागांच्या प्रभागात नगराध्यक्ष धरून तीन मतं द्यायची असतात. घाईतला किंवा वयस्कर मतदार ओळखीचं एक चिन्ह दाबतो आणि वळतो. मतदान पूर्ण होत नाही, केंद्राध्यक्ष हाक मारतात, माणूस गोंधळून कुठलंही बटण दाबतो. ओट्यावरच्या भेटीत पुठ्ठ्यावर तीन रकाने काढून, हात लावून दाखवलं तर हे टळतं. अपक्ष लढलात तर चिन्ह शेवटच्या आठवड्यात मिळतं, तेव्हा या पुठ्ठ्याची दुसरी फेरी त्या दिवसांसाठी राखून ठेवा.

पुढच्या निवडणुकीपर्यंत प्रभागाच्या हद्दी बदलू शकतात, आरक्षणाची सोडत नव्याने निघेल, कदाचित जागा महिलेसाठी राखीव होईल. म्हणून वही प्रभागवार ठेवू नका, गल्लीवार ठेवा, आणि आत्ताच्या हद्दीला लागून असलेल्या दोन-तीन गल्ल्या दोन्ही बाजूंनी तिच्यात घ्या. टेबलावर बसायला आणि ओट्यावर जायला जी बाई पहिल्या महिन्यापासून असेल, ती नुसती मदतनीस समजून निवडू नका. सोडतीनंतर अर्ज तिच्याच नावाने भरायची वेळ येऊ शकते.